त्या दिवशी रस्त्याची पाळी माझी होती

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव शेषराव, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. दिवस २००६ सालच्या भोगीचा, संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा, नुकतं उजाडत होतं. जागा केळझरहून सेलूकडे येणारा डांबरी रस्ता. अन्याय करणारा मी, नितीन. पत्रकात नाव, दिवस आणि जागा आधी लिहावी असं मला तालुक्याच्या प्रश्नांवर पत्रकं काढणाऱ्या आमच्या संघटनेत शिकवलं, म्हणून इथंही तसंच लिहितो. फरक एवढाच की हे पत्रक मी कधी छापलं नाही. कोणाला सांगितलंही नाही. मंगेशलासुद्धा नाही.

मंगेश माझा दोस्त. सेलूत त्याच्या बापाचं किराणा दुकान आहे. त्याला पोलीस भरतीत जायचं होतं, म्हणून तो रोज पहाटे पळायचा आणि मी नुसता सोबतीला पळायचो. वॉकमनवर गाणी असली की त्याचा दम टिकायचा. म्हणून आम्ही दोघं वर्ध्याला जाऊन इअरफोन घेऊन आलो.

आता हसू येईल, पण ती निवड आम्ही फार गंभीरपणे केली. दुकानदाराला गल्ल्यामागं बसवून ठेवलं आणि दुकानासमोरच्या रस्त्यावर पळून पाहिलं. कानावर अडकवायचे होते ते चार पावलांत निसटायचे. डोक्यावरून पट्टी येणारे घामानं घसरायचे. शेवटी रबरी बोंडांचे घेतले. ते कानात रुतून बसत, उड्या मारल्या तरी हलत नसत. मंगेश ते घालून दुकानात उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, “नित्या, हे घातले का माह्या बापाची हाकबी ऐकू नाई येत बे!” दुकानदार म्हणाला, मग तर हेच घ्या. आम्ही हसलो आणि तेच घेतले.

पण हाक ऐकू येत नाही म्हणजे हॉर्नही येत नाही. एवढी अक्कल आम्हाला होती. त्यातून आमचा नियम ठरला — पाळीचा. एक दिवस त्याच्या कानात गाणी आणि माझे कान रस्त्याला, दुसऱ्या दिवशी उलट. ज्याची रस्त्याची पाळी त्यानं मागं पळायचं आणि गाडी आली की पुढच्याच्या पाठीवर थाप मारायची. थाप बसली की मागं वळून न बघता डांबरावरून खाली उतरायचं. गाणी ऐकणाऱ्यानं रस्त्याची काळजी करायची नाही, ती दुसऱ्यानं करायची. कापसाच्या दिवसांत ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात, त्यामुळं हा नियम म्हणजे गंमत नव्हती.

मग मी काय केलं?

मी आणखी एक जोडी आणली, तसलीच रबरी. गुपचूप. मला रस्त्याच्या पाळीचा कंटाळा यायचा, दुसरं कारण नाही. संघटनेच्या ऑफिसात आवाज टेप करता येणारा एक वॉकमन होता, तो मी घरी आणला होता. भोगीच्या दिवशी थंडी होती, धुई होती, डोक्यावर कानटोपी होती. कानटोपीखाली काय आहे हे कोणाला दिसणार? आणि मी ऐकत काय होतो? गाणी नाही. एसटीच्या फेऱ्यांसाठी चौकात केलेलं भाषण. माझंच. टाळ्या कुठं पडल्या ते तपासत होतो.

पाळी माझी होती.

समोरून ट्रक आला. मागून शेषरावची कापसाची ट्रॉली येत होती. ट्रकमुळं त्याला बाजूला घेता येईना. आम्ही खाली उतरू असं त्याला वाटलं असणार — का वाटू नये? ट्रॉलीची कड माझ्या बाजूनं निसटली आणि पुढं मंगेशला लागली. तो नालीत पडला. त्याचा गुडघा उलटा फिरलेला मी पाहिला. मी त्याच्याकडं धावलो, पण त्याआधी — हे नीट वाचा — त्याआधी मी कानटोपीत हात घातला आणि वायर ओढून खिशात कोंबली.

शेषराव ट्रॅक्टरवरून उतरून आला. तो म्हणत होता, “हॉर्न देऊन देऊन थकलो न बाप्पा. तुमाले ऐकूच नाई आलं काय?”

मंगेशनं नालीतून माझ्याकडं बघितलं. “काबे, वाजला होता काय?”

मी म्हणालो, “नाई वाजला.”

वाजला नाही हे मला माहीत होतं का? नव्हतं. वाजला हेही नव्हतं. माझ्या कानात मी बोलत होतो. पण सेलूच्या दवाखान्यासमोर ट्रॅक्टरच्या मालकानं तेच विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं, अधिक ठाम. लोक माझ्या बाजूनं होते. मालकानं शेषरावच्या हातून किल्ली घेतली. आठवडाभरात मी पत्रक काढलं, ‘हॉर्न न देता तरुणाला उडवणारे ड्रायव्हर’. खाली माझं नाव. लोकांनी वाचलं, चांगलं लिहिलंस म्हणाले. माझं ते पहिलं गाजलेलं पत्रक.

मंगेश त्या वर्षी भरतीला गेला नाही, पुढंही नाही. तो दुकानात बसतो, पाय लांब करून. ते पत्रक त्यानं वजनकाट्यामागच्या भिंतीवर चिकटवलंय. गिऱ्हाईक आलं की सांगतो, नित्यानं आवाज उठवला म्हणून, नाहीतर कोण विचारतं. मी तिथून साखर घेतो आणि घरी येतो.

शेषरावला तालुक्यात कोणी स्टिअरिंग दिलं नाही. तो जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गाठी ओढतो. त्याला लोक ‘बिनहॉर्न्या’ म्हणतात. पोरं त्याच्यामागं तोंडानं पोंऽऽ करतात. तो सुरुवातीला शपथा घ्यायचा, आता वळूनही बघत नाही.

रस्त्यांच्या प्रश्नांवर मी अजून पत्रकं काढतो. ती खरी असतात. त्यानं काही फिटत नाही.

माफी मी मागत नाही. ती द्यायचा हक्क तुमचा नाहीही. हा कागद मी आज मंगेशच्या दुकानात, त्या पत्रकाशेजारी लावणार आहे. तुम्ही एक करा. सेलूच्या चौकात कोणी शेषरावला ‘बिनहॉर्न्या’ म्हणालं, तर तिथंच थांबा आणि शेषरावलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा — त्या दिवशी रस्त्याची पाळी नितीनची होती, आणि त्यानं कान बंद केले होते.