बोट हलली

सखाराम गेल्याचं सांगायला त्याचा थोरला मुलगा वासुदेव कल्याणहून सकाळच्या गाडीने ठाण्याला आला. मी ओटीवर सुपारी कातरत बसलो होतो. त्याचा चेहरा पाहताच समजलो, तरी म्हटलं, "ये, बस. आधी पाणी घे." तो पाणी पिईपर्यंत तरी सख्या जिवंत राहावा, एवढाच त्यात हेतू...

आमची ओळख शाळेतली, पण मैत्री घट्ट झाली ती समुद्रावर. झांजिबारला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन कारकून हवे होते. घरी रडारड झाली, भटजींनी कानांवर हात ठेवले. सख्या मला म्हणाला, "नान्या, तू येत असशील तर मी जातो. आणि मी निघालो म्हणजे तू येणारच." झालं, ठरलं. मुंबईचा किनारा दिसेनासा झाला आणि मी आगबोटीच्या डेकवर जो आडवा झालो तो उठेचना. पाणी, आभाळ, पुन्हा पाणी. दिवस सरता सरत नसे. सख्याने तोवर अर्ध्या बोटीशी सोयरीक जमवली होती. कुणा भाटियाकडून लोणचं आणायचा, खलाशांशी गप्पा छाटायचा. माझ्या पोटात मात्र काही ठरत नव्हतं, आणि पुढे पुढे तर अन्नाचं नाव काढलं तरी मी तोंड फिरवायचो. हा असाच राहिला तर झांजिबार बघणार नाही, असं बोटीवरच्या डॉक्टरने एका दुपारी सख्याला सांगितलं होतं. मला हे कळलं फार वर्षांनी.

त्या संध्याकाळी सख्याने ट्रंकेतून सोंगट्यांचा पट काढला. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या रमावहिनींनी, तो स्वतः शिवून दिलेला. पण बोट डुलायची आणि सोंगट्या घसरायच्या. मग याने शिध्यातली कणीक मळली आणि प्रत्येक सोंगटीच्या बुडाला एकेक ठिपका लावून ती पटावर चिकटवली. कवड्या परातीत टाकायच्या. नियमही त्यानेच काढला: ज्याची सोंगटी फिरून मधल्या घरात पोचेल, म्हणजे पिकेल, त्याने चार घास खायचे. माझ्या सोंगट्या भराभर पिकू लागल्या. मी कुरकुरत दशमी चावायचो. एकदा झोपेतून उठून पाहतो तर माझी सोंगटी चांगली पाच घरं पुढे.

"सख्या, ही इथे नव्हती."

"बोट हलली."

"मग तुझ्या बऱ्या जागच्या जागी राहिल्या?"

"त्यांना कणीक जास्त लावली आहे. फेक कवड्या."

असा मी झांजिबारला पोचलो. सख्याने पोचवला, दुसरं काय.

काही वर्षांनी परतलो. प्रायश्चित्ताच्या वेळी पंचगव्य हातात घेऊन याने भटजींना विचारलं, "जातानाचं आणि येतानाचं एकातच भागतं ना?" मी पुन्हा होडीत पाय ठेवला नाही. हा मात्र रेल्वे सोडून खाडीतून मचव्याने कोलशेतला उतरायचा आणि काखेत पट घेऊन चालत माझ्या घरी यायचा. जमिनीवर तो लबाडी करायचा ती स्वतःसाठी, आणि पकडला की तेच, बोट हलली. आमची ही आतून विचारायची, "भावजी, आमची ओटी कधीपासून तरंगायला लागली?" तीही आता नाही...

शेवटचा डाव त्याच्या खाटेवर, लाकडी पाटावर पट पसरून मांडला होता. मी पार मागे पडलो होतो, माझी एक सोंगटी अर्ध्या वाटेवर अडकलेली. त्याला धाप लागली. म्हणाला, "राहू दे असाच. मोडू नकोस." मी उठलो तसा माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "वाळलास रे नान्या." स्वतःची नुसती हाडं उरलेली, आणि हा मला म्हणतो.

तो गेल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेना. सूनबाई ताट वाढायची आणि तसंच उचलून न्यायची. काय करायचं होतं आता जगून?

तेराव्यानंतर वासुदेव पुन्हा आला, या वेळी मचव्याने. हातात लाकडी पाट, वर फडकं. "आई म्हणाली, गाडीत धक्के बसतात. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी बाबांनी कणीक मागून घेतली, काका. कुणाला हात लावू दिला नाही."

फडकं काढलं. डाव तसाच मांडलेला होता. त्याच्या सोंगट्या होत्या तिथेच. माझी अडकलेली सोंगटी मात्र मधल्या घरात जाऊन बसली होती.

"वाटेत हलली का रे ही?" मी विचारलं.

"नाही काका. घट्ट आहे, बघा ना."

मी बोट लावून पाहिलं. कणीक वाळून दगड झाली होती, त्याच्या अंगठ्याचा ठसा तिच्यावर तसाच होता. मला रडू आवरेना. पोरासमोर रडलो, लाज नाही वाटली.

मग डोळे पुसले आणि सूनबाईला हाक मारून म्हटलं, चार घास भात वाढ.