कंपाउंडरांनी चिठ्ठ्या सोलल्या

चाळीस वर्षं दवाखान्यात औषधांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवून कंपाउंडर निवृत्त झाले आणि गावाबाहेरच्या आपल्या घरी बायकोच्या हाताखाली रुजू झाले. भाजीला पाणी घालणं आणि कोंबड्या कोंडणं ही त्यांची खाती. बाकी सगळा कारभार तिचा. ती आता दोन महिन्यांसाठी शहरात गेली होती, मुलाच्या तान्ह्या लेकीला सांभाळायला. ती निघताना कंपाउंडरांनी फाटकात उभं राहून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "खुशाल राहा! माझं काही अडत नाही."

आठवड्याभरात घर त्यांना खायला उठलं. चहा दोघांचा टाकायचे आणि दोन्ही कप स्वतःच प्यायचे. पण कबूल करतील तर ते कंपाउंडर कसले! फोन करावा, तर तो कामाशिवाय कसा करायचा? अख्ख्या संसारात बिनकामाचं बोलायची सवयच लागली नव्हती.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"बाळ?"

"तेही बरं आहे."

मग घसा खाकरायचा आणि फोन ठेवायचा. अर्ध्या मिनिटात खेळ खलास.

काही विचारावं, तर त्या बाईने विचारायला जागाच ठेवली नव्हती. स्वयंपाकघरातल्या एकेका डब्यावर तिने चिठ्ठी डकवली होती. 'मीठ. चिमूटभर, मूठभर नव्हे.' 'साखर. तुम्हाला एकच चमचा.' 'हे कोंबड्यांचं. तुमचं वरच्या फळीवर आहे.'

शेवटी एका दुपारी कंपाउंडरांनी कोमट पाण्यात फडकं बुडवलं आणि सगळ्या चिठ्ठ्या सोलून काढल्या. एकीचाही कोपरा फाटला नाही. हातच तयार!

दुसऱ्या दिवसापासून फोनला बहर आला.

"अगं, हे पांढरं काय आहे गं?"

"चाखून बघा की!"

"अनोळखी पदार्थ चाखू नये. नियम आहे."

"अहो, चिठ्ठ्या लावल्यात ना मी सगळ्यांवर?"

"वाऱ्याने उडाल्या असतील," कंपाउंडरांनी थाप ठोकून दिली. "बरं, बाळ आत्ता काय करतंय?"

सोड्यावर दोन दिवस निघाले, पिठांवर चार. दोन महिने असे सरत आले, आणि एका संध्याकाळी बायको म्हणाली, "सूनबाई कामावर जायला लागतेय. मुलगा म्हणतो, आणखी सहा महिने थांब. उद्या सांगायचंय त्याला. तुम्ही काय म्हणता?"

कंपाउंडरांना 'ये' म्हणायचं होतं. तोंड मात्र सवयीने बोलून गेलं, "थांब की! माझं काय अडलंय?"

सकाळी शेजारच्याच घरात राहणारी भावजय विचारपूस करायला आली. गावातली बातमी तिच्याकडे शिळी होत नसे.

"भाऊजी, डबे असे बोडके का दिसतायत?"

"चिठ्ठ्या वाऱ्याने उडाल्या," कंपाउंडर म्हणाले. तिने चमच्यासाठी खण ओढला. आत औषधाची बांधावी तशी नीटस पुडी, वर तारीख. पुडीत सगळ्या चिठ्ठ्या.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. "जाऊबाई, वारा कसला न् काय! तुमच्या माणसाने स्वतः सोलल्यात!" आणि फोन कंपाउंडरांच्या हातात कोंबला.

"का हो?" पलीकडून बायकोने विचारलं.

कंपाउंडर एका हाताने पुडी पुन्हा बांधू लागले.

"मग मुलाला काय सांगू? घरी जाते म्हणून?"

"सांग... माझी तब्येत बरी नाही."

"काय होतंय म्हणून सांगू?"

डॉक्टरांच्या आधी आपणच आजार ओळखायचो, असं कंपाउंडर सगळ्यांना सांगत. या घडीला त्यांना साधा खोकलासुद्धा आठवेना.

"करमत नाही म्हणून सांग," ते कसेबसे म्हणाले.

"असंच सांगू? मुलाला?"

"सांग ना. सुनेलाही सांग."

भावजय लगबगीने अंगणात गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहून कोंबड्या मोजू लागली. कोंबड्या सहाच होत्या. तिला पाऊण तास लागला.