लाल शाईतला शेरा

हे मी आजवर कोणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि चौकशीला आलेल्या साहेबांजवळ तर नाहीच. आता तुम्हाला सांगतोय, कारण मागच्या महिन्यात पुन्हा एकदा माझा सत्कार झाला आणि त्या टाळ्यांचा, त्या शालीचा, मुख्य म्हणजे स्वतःचा मला भयंकर वैताग आलाय.

निवृत्तीनंतर मी ब्रह्मपुरीत राहतो. नव्या अधिकाऱ्यांसमोर ‘ठाणे कसे सुधारावे’ यावर बोलायला मला अधूनमधून बोलावतात. मी जातो. का जातो? नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल, म्हणून.

एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलात, मी एका लहानशा ठाण्याचा ठाणेदार होतो. रुजू झालो तेव्हा तिथली अवस्था पाहून डोकं फिरलं. फायली उंदरांनी खाल्लेल्या, हवालदार बनियनवर, तक्रार घेऊन आलेल्या बाया दिवसभर उन्हात उभ्या. मी ते बदललं, हे खरंय. बसायला बाकं आणली, पिण्याच्या पाण्याची सोय केली, तिथल्या आदिवासींची माडिया भाषा बोलणारी एक महिला शिपाई समोरच्या टेबलावर बसवली. इथवरची माझी बढाई खरी आहे. पण मला तेवढ्यावर थांबवेना.

गावोगावी पोलीस पाटील असतो — गावातलाच माणूस, गावची खबर ठाण्याला कळवणारा. हे लोक खबर कशी पाठवायचे, माहितीये? चिठ्ठीनं. गावात मुक्कामाला असलेली एसटी सकाळी निघाली की कंडक्टरच्या हातात वहीचं पान द्यायचं. तो ते आमच्या फाटकावरच्या शिपायाला देऊन पुढे जायचा. कुठल्या जमान्यात राहतात हे लोक? मी सगळ्या पाटलांचा मोबाइलवर ग्रुप काढला. रोज सकाळी प्रत्येकानं खबर टाकायची, काही नसलं तरी ‘शांतता आहे’ एवढं टाकायचं. चिठ्ठ्या बंद. भिंतीवर तक्ता लावला. खबर आली की हिरवी टिकली, नाही आली की लाल. वरचे साहेब तो तक्ता पाहून इतके खूश झाले की त्याचा फोटो काढून घेऊन गेले.

एका नावापुढे मात्र लालच लाल. रैनू पाटील. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, खालच्या आवाजात बोलणारा माणूस. बैठकीत सगळ्यांसमोर झापलं, तर म्हणाला, “साहेब, गावात टावर नाई भेटत. टेकडीवर चढा लागते. तरी कधी जाते, कधी नाई जात.”

“मग चढा,” मी म्हणालो. सगळे हसले. मला वाटलं, शिस्त लागली.

बघा, किती टाळतोय मी. तक्त्याचं पुराण लावून बसलो.

एका सकाळी कंडक्टरनं रैनूची चिठ्ठी दिली. दोन दिवसांनी ठाण्याची तपासणी होती, उत्तम ठाण्यांच्या यादीत आमचं नाव होतं, आणि हा बाबा पुन्हा चिठ्ठीवरच. मी ती वाचली नाही, असं तुम्हाला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं — पण वाचली. अगदी शेवटपर्यंत वाचली. गावातली दोन लेकरं तापानं गेली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बुधीबाईनं जादूटोणा केला, असं लोक म्हणत होते. उद्या सकाळी तिला गावबैठकीत बोलावलंय, साहेब तुम्ही या. चारच ओळी होत्या. मी लाल पेन घेतला, खाली लिहिलं — ‘ग्रुपवर पाठवा’ — सही ठोकली आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीनं ती चिठ्ठी रैनूला परत धाडली.

हो, परत धाडली. माणसं होती, मोटारसायकली होत्या, दीड तासाचा रस्ता होता. मी गेलो नाही, कारण मला त्याला धडा शिकवायचा होता. दुसरं काहीही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला रैनूची खबर ग्रुपवर आली. शिपायानं हिरवी टिकली लावली. टेकडीवर चढून, हात उंच करकरून त्यानं ती पाठवली होती, आणि तोवर खाली बुधीबाईला खांबाला बांधून मारून झालं होतं. त्या गावात तिच्या बाजूनं उभा राहील असा तोच एक होता. त्यालाच मी टेकडीवर चढवला होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बुधीबाई जगली, पण तिचा उजवा हात कायमचा गेला. ती भावाच्या गावी गेली, ती पुन्हा आली नाही.

चौकशी लागली. खबर आधी मिळाली होती का? साहेब चौकशीला यायच्या आदल्या दिवशी रैनू ठाण्यात आला. ती चिठ्ठी त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणालो, पाटील, हे माझ्याकडे द्या, आणि उद्या चिठ्ठीचं तुम्ही काही बोलू नका, मीच साहेबांना सगळं समजावतो. त्यानं दिली. इतक्या सहज दिली की मला त्याचाच राग आला. असा कसा देतो माणूस?

ती मी मेसच्या चुलीत घातली. जबाबात लिहिलं की पोलीस पाटलानं घटनेआधी काहीही कळवलं नाही, पहिली खबर पावणेअकराची. पुरावा म्हणून तक्त्याची नक्कल जोडली. कंडक्टरला कोणी विचारलंच नाही. रैनू साहेबांसमोर हात जोडून गप्प उभा राहिला, मी सांगितलं होतं तसाच. माझ्या अहवालावर त्याचं पद गेलं. आम्हाला उत्तम ठाण्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. रैनूला मी सांगितलं, फार प्रयत्न केला हो, पण वरच्यांनी ऐकलं नाही.

गेल्या वर्षी तो ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर भेटला. मुलगी इथल्या कॉलेजात शिकते, तिला भेटायला आला होता. मला पाहिलं आणि लांबूनच “जय सेवा, साहेब” म्हणत आला. ओढूनच चहाला नेलं. मला पैसे देऊ दिले नाहीत.

“तुमी माह्यासाठी वरच्या साहेबायसंग लय भांडले,” तो म्हणाला. “मी गावात सांगत असतो. त्यायनं नाई आयकलं, तर तुमी काय करान?”

तेव्हा सांगता आलं असतं. समोर तो एकटाच होता, माझी नोकरी संपली होती, काही जाणार नव्हतं.

मी म्हणालो, “हो पाटील. लय भांडलो.”