सिस्टरबरोबर बदूंच्या लग्नाला

गाडीतून उतरण्याआधी सिस्टर मोबाईल पर्समध्ये टाकायच्या, चेन कर्रकन ओढायच्या आणि म्हणायच्या, "हा झोपला. आता आपले डोळे उघडा."

कुठल्याही ओमानी घरी जाताना हेच. ओमानमधल्या सूर गावातल्या आमच्या दवाखान्यात त्या बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या, मी लॅबमध्ये. मूळच्या गुहागरकडच्या. ठेंगण्या, गोऱ्या, आणि चालताना कुणीतरी पुढून हाक मारतंय अशा घाईत. सूरमधली कितीतरी मुलं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे आमंत्रणं सारखी यायची. तरी प्रत्येक आमंत्रणाचा आनंद पहिल्याइतकाच.

"बाय, लग्न आहे! बदूंचं! वाळूत!" लॅबच्या दारातून त्या एवढ्या जोरात ओरडल्या, की माझ्या हातातली रक्ताची नळी पडता पडता वाचली.

बदू म्हणजे वाळवंटातले भटके अरब. लग्न होतं रिसेप्शनवरच्या मौझाच्या बहिणीचं. आम्ही तिघी निघालो. सिस्टर, मी आणि फार्मसीत नुकतीच लागलेली पुण्याची केतकी. गाडीत सिस्टरांची शिकवणी सुरू झाली.

"कॉफी पुरे झाली की कप असा हलवायचा. नाही हलवलास तर ओततच राहतात. पहिल्या लग्नात मला कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर दोन दिवस डोळा लागला नाही!"

"आणि नाचायचं का?" केतकीनं विचारलं.

"बोलावलं तर. गाणं त्यांचं, अंगण त्यांचं. आपण काय घुसायचं?"

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. वाळूवर पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या होत्या, मध्ये ढोल. एका रांगेनं गाण्याची ओळ फेकायची, दुसरीनं झेलून परत पाठवायची. तेवढ्यात एक आजोबा पुढे आले. त्यांनी हातातली तलवार सरळ आकाशात उडवली. ती उन्हात गरगरली आणि मूठ बरोबर त्यांच्या हातात आली. सिस्टरनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. "बघ, बघ, बघ!" तोंडानं एवढं चाललेलं, पण पाय मात्र जिथे उभं राहायला सांगितलं होतं तिथून तसूभर हलले नाहीत.

मग मौझा आम्हाला बायकांच्या तंबूत घेऊन गेली. एरवी या बायका बाजारात दिसतात त्या काळ्या अबायात, चेहऱ्यावर बुरखा घेऊन. आत सगळं उतरवलेलं. हिरवे, केशरी झगे, सोनं, बखूरचा सुगंधी धूर आणि मोकळे सोडलेले केस. ढोलाच्या तालावर मुली माना हलवत होत्या आणि केसांच्या लाटाच उठत होत्या. मला तर कुठे बघू आणि कुठे नको असं झालं.

केतकीलाही तसंच झालं असणार. आईला दाखवायचं म्हणून तिनं मोबाईल काढला आणि व्हिडिओ सुरू केला.

"ममनू!"

मनाई आहे, असं मौझाची आजी ओरडली होती. ढोल थांबला. बायकांनी भराभर शेले ओढून चेहरे झाकले. केतकी पांढरीफटक पडली.

सिस्टर आता हिला फाडून खाणार, असं मला वाटलं. त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मुद्दाम नाही केलंस, ठाऊक आहे मला. पण इथे या उघड्या चेहऱ्यांनी बसल्यात, आपल्या भरवशावर. ऊठ. दोघी जाऊ."

हात धरून त्यांनी तिला आजीसमोर नेलं आणि गालिच्यावर बसवलं. स्वतःही बसल्या. मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाल्या, "चूक आमची. ही माझी मुलगी समज. बघ, तुझ्यासमोर पुसते." केतकीनं व्हिडिओ पुसून टाकला. "खलास," सिस्टर म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी उघडलेलं एक दार आता बंद होणार की काय, हे भय त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

आजीनं कॉफीची सुरई जवळ ओढली. मग तिनं कॉफी ओतली आणि कप केतकीपुढे धरला.

केतकी प्यायली. आजीनं पुन्हा ओतली. पुन्हा प्यायली. पुन्हा ओतली. घाबरलेल्या पोरीला काही आठवेना, नुसती पीत सुटली. शेवटी सिस्टरना राहवेना. त्या चक्क मराठीत ओरडल्या, "अगं हलव! कप हलव, बाय!"

शब्द कुणाला कळले नाहीत, पण सिस्टरांचा हलणारा हात सगळ्यांनी पाहिला. आजीच आधी हसली. मग अख्खा तंबू. ढोल परत सुरू झाला आणि आजीनं सिस्टरांचं मनगट धरून त्यांना उठवलं. "तआली! ये!"

सुरुवातीला त्या दुसऱ्यांच्या पावलांकडे बघत, जरा मागे राहून नाचल्या. मग आजीनं त्यांच्या अंबाड्याकडे बोट दाखवलं. सिस्टरनी एकेक पिन काढली. पांढरे केस पाठीवर आले आणि आजीच्या हातात हात घालून ती आमची वॉर्डातली कडक बाई मान हलवू लागली. परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. तोंड लालबुंद. "बघितलंस? मला बोलावलं!"

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन गावी गेल्या. त्यांना सोडायला मौझाच्या घरच्या बायका दोन गाड्या भरून मस्कतच्या विमानतळावर आल्या. सिस्टर काचेच्या दारातून आत गेल्या आणि आजीनं जीभ हलवत, लग्नात देतात तशी लांबलचक, उंच किलकारी दिली. पाठोपाठ सगळ्याजणींनी. ट्रॉल्या ढकलणारी माणसं जागच्या जागी थांबली. एक पोलीस वळून बघू लागला आणि मग हसला.

काचेपलीकडे सिस्टर वळल्या. ट्रॉली त्यांच्या हातून सुटली आणि गुळगुळीत फरशीवरून एकटीच पुढे जात राहिली. तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होत्या.