मंदु म्हणजे काय?

‘मंदु’ हा तेलुगू शब्द कानावर पडला की निवृत्तीनंतरही माझं डोकं गरगरतं आणि हैदराबादच्या अंबरपेठ पोलीस ठाण्यातलं ते प्रकरण आठवतं.

सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना फोन आला. एक बाई घाबरून सांगत होती, "साब, बाजूवालीने मर्दकू मंदु पेट्टी! खुद मेरेकू बोली!"

मंदु म्हणजे औषध, पेट्टणं म्हणजे ठेवणं. दारूलाही इथे मंदुच म्हणतात. आणि कुणी कुणाला ‘मंदु पेट्टलं’ म्हटलं, की जेवणातून काहीतरी घातलं असा अर्थ लोक घेतात. हवालदाराने डायरीत ‘विषप्रयोगाचा संशय’ लिहून टाकलं. मीही मुकाट सही ठोकली.

नवरा दवाखान्यात बेशुद्ध होता. वय चाळिशीचं, नोकरी सिक्युरिटी गार्डची. बायको परभणीकडची, हैदराबादेत येऊन दोनच वर्षं झालेली. महिला कॉन्स्टेबलने तिला ठाण्यात आणलं. मी मराठीत बोललो तशी ती रडायची थांबली.

"बाई, काय दिलं नवऱ्याला?"

"मंदु दिलं साहेब. रोजच देते. शेजारणीलाबी तेच सांगितलं, नेने मंदु पेट्टिना."

"कसलं मंदु?"

"शुगरची गोळी! मेडिकलवाला तिला मंदुच म्हनतो की."

गोळी मीच ताटाशेजारी ठेवली, एवढंच तिला तेलुगूत सांगायचं होतं. मला हायसं वाटलं, पण डॉक्टरांनी घोळ वाढवला. साखर भयंकर चढली आहे, हा माणूस कित्येक आठवडे गोळ्या घेत नसावा, असं ते म्हणाले. इकडे हवालदाराने घरून गोळ्यांची रिकामी पाकिटं आणलेली. मग गोळ्या गेल्या कुठे? बाई खोटं बोलते, की डॉक्टर चुकतात? तीन तास मी तिला तेच उलटसुलट विचारलं. तिची शाळकरी मुलगी बाहेर बाकावर बसली होती. आईला आत टाकणार का, असं तिने मला दोनदा विचारलं.

शेवटी पंचांसमोर घराची झडती घेतली. नवऱ्याच्या ड्युटीच्या कोटाच्या आतल्या खिशात, गुटख्याच्या पुड्यांत मिसळलेल्या मूठभर गोळ्या निघाल्या. मी मायलेकींना घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि मी जबाब घेतला.

"दारूवर गोळी चालत न्हाई म्हनतात, म्हून खिशात टाकायचो."

"दारू कधी घेता?"

"रोजच. झोप येत न्हाई. मग ड्युटीवर डुलक्या येत्यात, म्हून गुटखा. त्यानं भूक मरती, मग नुसता चहा-बिस्कुट. हिच्यासाठी सिगरेट सोडली, तर गुटखा वाढला. घरी बसवत न्हाई, म्हून दुसरी ड्युटी धरली."

माझं लिहिणं थांबलं. "यातलं पहिलं काय?"

"आई गेली, साहेब. दोन वर्षं झाली," तो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

शाळाशाळांतून मी व्यसनांवर भाषणं ठोकली होती. एक दिवस दारूवर, एक दिवस तंबाखूवर. या माणसाला त्यातलं कुठलं भाषण द्यायचं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. प्रकरण बंद करताना कारण काय लिहावं, इथेच पेन अडलं. त्या मायलेकींना तीन तास बसवून ठेवल्याची मात्र मला लाज वाटते.

कागदांवर सही करायला बाई ठाण्यात आली, तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, "साहेब, तुमी मला सगळं इचारलं. त्यांना दोन वर्षांत कुनी काय इचारलंच न्हाई. म्याबी न्हाई."