पहिल्या रांगेतला आवाज

“मंजूर! मंजूर! मंजूर!”

मामा सतरंजीवरून हातभर उडून ओरडत होता, आणि स्टेजवरच्या सेक्रेटरीनं विषय वाचायला अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. साखर कारखान्याची वार्षिक सभा होती. मामाचा आवाज काय सांगावा? त्यानं रानात बैलाला हाळी दिली की तिकडं पुणतांब्याला गोदावरीत डुंबणाऱ्या म्हशी घाबरून काठावर यायच्या. म्हणून तर संचालक त्याला दरवर्षी जीप पाठवून आणायचे आणि पहिल्या रांगेत बसवायचे. तो ओरडला की मागचा सगळा मांडव ओरडायचा आणि वर्षाचा कारभार चहा निवायच्या आत मंजूर व्हायचा.

त्या सभेचं नाव काढलं की माझ्या नाकात आजही मळी शिरते. कारखान्यामागच्या ओढ्याला मळीचं काळं पाणी सोडलेलं असायचं. वास असा, की कावळासुद्धा वळसा घालून उडायचा. त्या वासात खाली धुळीत आम्ही सभासद, म्हणजे म्हणायला मालक, आणि बुंदीच्या पातेल्यावर माश्या. वर पांढऱ्या खोळीच्या सोफ्यांवर संचालक. चेअरमनचं पोट तर त्याच्या बरंच आधी स्टेजवर पोचलं होतं. हार आधी कुणाला घालावा, असा पेच कार्यकर्त्यांना पडला. समोरच्या ताटलीतले काजू चघळत तो बोलत होता, “हा कारखाना गोरगरिबांचा आहे.” ‘गोरगरिबांचा’ म्हणताना काजूचा चोथा माइकवर उडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 

मामाचा मात्र जीव होता कारखान्यावर. आजोबांनी दुभती म्हैस विकून शेअर घेतलेला. “आपला कारखाना” म्हणताना मामाची छाती अशी फुगायची की सदऱ्याची गुंडी शेजारच्याच्या डोळ्यात जायची. त्याचा स्वतःचा ऊस होता वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर. घरचं सगळं वर्ष त्या वीस गुंठ्यांवर निघायचं.

सेक्रेटरीनं पुढचा विषय घेतला. तोंडात गरम भजं धरल्यासारखा तो वाचत होता. “एक एकराच्या आतील ऊस उत्पादकांनी तोडणी व वाहतुकीची व्यवस्था स्वखर्चाने…” तोपर्यंत ऊस तोडायला टोळी कारखानाच पाठवायचा, गाड्याही तोच लावायचा.

मागून एक बाई उभ्या राहिल्या. आमच्या बांधाला लागूनच त्यांचं रान; नवरा वारल्यावर शेअर त्यांच्या नावावर झालेला. मामा त्यांना वैनी म्हणायचा. त्या म्हणाल्या, “परत वाचा की. कळालं न्हाई.”

 चेअरमननं मामाकडे बघून नुसती भुवई हलवली.

“ओ वैनी, बसा की खाली! तिकडं बुंदी संपंल! मंजूर!”

मांडव खदाखदा हसला. मंजूर, मंजूर! वैनी खाली बसल्या नाहीत. पदर खोचला आणि बुंदी न खाता घरी चालत गेल्या. आम्हीही चालतच गेलो म्हणा. जीप फक्त न्यायला असायची.

हंगाम सुरू झाला. टोळ्या आल्या त्या थेट संचालकांच्या मळ्यात उतरल्या. चेअरमनचा ऊस तर कोयता नुसता दिसला तरी आपोआप आडवा होत असावा, इतका झटपट गेला. मामाचा ऊस उभाच. त्याला तुरे आले. लांबून चवऱ्या ढाळल्यासारखं झकास दिसायचं, पण तुरा आला की ऊस आतून पोकळ होत जातो. मामी रोज सकाळी दारातून तुऱ्यांकडे बघायची आणि मामाचा चहा त्याच्यापुढं आदळायची.

शेवटी मामा कारखान्याच्या शेतकी ऑफिसात गेला. मी बरोबर होतो.

“सायेब, आमची टोळी कवा?”

“एकराच्या आतल्यांना टोळी नाही. सभेत ठरलंय.”

“कोन म्हनलं? मी सोता पहिल्या रांगेत हुतो!”

“हो. ऐकू आलं होतं,” साहेब म्हणाला आणि पंख्याचं बटण दाबलं.

त्यानंतरचे काही दिवस पुणतांब्याच्या म्हशींनी निवांत आंघोळी केल्या.

वैनींनी मात्र तोवर एकराच्या आतली माणसं जमवून सावड बांधली होती. आज एकाचा ऊस सगळ्यांनी मिळून तोडायचा, उद्या दुसऱ्याचा. ज्याची बैलगाडी असेल ती सगळ्यांसाठी फिरायची. पाटलाच्या भावकीतले, बौद्धवस्तीतले, सगळे एका सरीत वाकलेले. शेजारून संचालकांची जीप जायची, आतले काच खाली करून हसायचे, आणि धुरळा या माणसांच्या भाकरीवर बसायचा.

मामा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत बांधावर जाऊन उभा राहिला. दोनदा खाकरला. मग बोलला ते इतकं हळू, की मी खेटून उभा असूनही मला कान पुढे करावा लागला.

“वैनी… आमचा बी ऊस घ्याल का सावडीत?”

वैनींनी मान वर केली नाही. पायानं पाचट सारलं, ऊस बुडातून छाटला आणि बाजूला टाकला.

“उद्या या. कोयता तुमचा तुमी आना.”