राक्षसाचं नंतर बघू

धुळ्यात राक्षस पुन्हा जिंकला होता.

"दादा, बठ्ठा पोरे हारी ग्यात," भिकनभाऊ फोनवर अहिराणीत सांगत होते. "पोरगी चांगली शे, तलवार चांगली शे, तरी हारी ग्यात."

भिकनभाऊंचा धुळ्यात कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे आमच्या गेमचं टेस्टिंग चालू होतं. टेस्टिंग म्हणजे गेम बाजारात जाण्याआधी माणसं बसवून खेळवून बघायचा, कुठे अडतो ते शोधायचं.

मी जळगावात घरी बसून भाषांतरं करतो. आयुष्य पाण्याचे पंप आणि ठिबकच्या नळ्यांच्या माहितीपत्रकांत गेलं. त्यात प्रेमाचा प्रसंग कधी आला नाही. पन्नाशी उलटल्यावर पुण्याच्या एका एजन्सीने जपानी रोल प्लेइंग गेम दिला. म्हणजे खेळणाऱ्याने गोष्टीतला नायक व्हायचं आणि त्याचे निर्णय आपण घ्यायचे. नायकाच्या तलवारीला धार येते ती फक्त कुणी त्याच्यावर प्रेम केलं तर. त्यासाठी युकी नावाची लोहाराची मुलगी आहे, एक दीपगृह सांभाळणारी आहे आणि एक छत्री आहे. शापित छत्री, पण स्वभावाने चांगली. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रेमाचा काटा असतो. तो चढला की तलवार चालते, पडला की राक्षस नायकाला गिळतो.

मला जपानी येत नाही. मी इंग्रजीवरून करत होतो. तरी कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मी हल्ली जपानचं काम बघतो.

एजन्सीच्या मृणाल मॅडमचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"सर, हिंदीत लोक जिंकतायत, तमिळमध्ये जिंकतायत. मराठीतच सगळे का मरतायत? सोमवारच्या टेस्टला हेच झालं तर जपानवाले मराठी काढून टाकणार."

माझं काही महिन्यांचं काम आणि कॉलनीतली अब्रू, दोन्ही एकदम जाणार होतं. सकाळची एसटी पकडून धुळ्याला गेलो.

भाऊंच्या क्लासवर टॅली शिकवणारे संदीप सर खेळायला बसले होते. मी मागे उभा राहिलो. झाडाखाली युकी म्हणाली, "उद्या मीही लढायला येते. माझा होशील?" खाली तीन पर्याय आले. "हो, तुझाच." "घरी विचारून सांगतो." आणि तिसरा, काही न बोलता निघून जाणे.

संदीप सरांनी क्षणाचाही विचार न करता दुसरा दाबला. काटा शून्यावर आला. तलवार शिजलेल्या भेंडीसारखी वाकली. राक्षसाने सरांना गिळलं.

"पहिला का नाही घेतला?" मी विचारलं.

"सर, असं भेटल्या भेटल्या कुणी 'तुझाच' म्हणतं का? उनाड वाटतं. तिसरा उद्धटपणा झाला. राहिला दुसरा."

"पण उद्या राक्षस येतोय."

"राक्षसाचं नंतर बघू. आधी घरच्यांचं."

मागच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊंनीही.

आता खरी गोष्ट. इंग्रजीत तिथे फक्त "मला थोडा वेळ दे" एवढंच होतं. टाळाटाळ करणाऱ्याचं वाक्य, म्हणून काटा पडायचा. आमच्याकडे वेळ मागायची रीत काय, असा विचार करून मीच ते "घरी विचारून सांगतो" केलं होतं. याला लोकलायझेशन म्हणतात, म्हणजे मजकूर इथलाच वाटला पाहिजे. तो इतका इथला झाला, की पळपुट्याचं उत्तर सगळ्यात सभ्य ठरलं.

संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, वाक्य बदलतो आणि मोकळा होतो. ती भरितासाठी वांगी भाजत होती. मी तिला अमळनेरला बघायला गेलो, तेव्हा आम्हीही "घरी विचारून कळवतो" म्हणूनच निघालो होतो. माझी आत्या रुसली होती म्हणून कळवायला पावसाळा उलटला.

"बदलू नका," ती वांगं उलटवत म्हणाली. "त्याला जाऊ द्या घरी विचारायला. पण तोवर त्या पोरीने झाडाखाली उभं राहून काय करायचं, ते विचारा तुमच्या जपानला."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी चूक कबूल केली आणि हा प्रश्नही मांडला. मृणाल मॅडमनी तो इंग्रजीत सांगितला, दुभाष्याने जपानीत. पलीकडे गेमचे मूळ लेखक होते, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, की घरी नेमकं कुणाला विचारतात. मी आईवडिलांपासून सुरुवात करून आत्यापर्यंत आलो, तेव्हा त्यांनी वही ओढून लिहायला घेतलं.

सोमवारची टेस्ट त्यांनी पुढे ढकलली. मराठी गेममध्ये आता एक जादा टप्पा आहे. "घरी विचारून सांगतो" दाबलं की नायक घरी जातो आणि आत्याची समजूत काढत बसतो. युकी थोडा वेळ थांबते, मग त्याने मागे ठेवलेली तलवार स्वतःच्या हातांनी ठोकून तिला धार लावते आणि एकटी जाऊन राक्षसाला मारते.

मराठी वाचली. धुळ्यात राक्षस आता रोज मरतो. आत्या मात्र अजून कुणालाच हरवता आलेली नाही. संदीप सर सुट्टीच्या दिवशीही येऊन प्रयत्न करतात, असं भाऊ सांगतात.

मी शिकलो ते एवढंच. भाषांतर करताना घरच्यांना मजकुरात घुसवू नये. घुसवलंच, तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागते.